तीन अक्षरांची जागा

माझी आत्या कबरींच्या दगडांवर अक्षरं कोरायची. पंचेचाळीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही. लग्न केलं नाही, कुठे हवापालटाला गेली नाही, आजारी पडायची तीसुद्धा सुट्टीचा दिवस बघून. एवढी वर्षं मेलेल्या माणसांचं काम करून भीती नाही का वाटत, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, गिऱ्हाईकं तर सगळी जिवंत असतात, भीती वाटते ती त्यांचीच.

गल्लीत तिला सगळे हळूबाई म्हणत. दिवसभर दगडावर छिन्नी चालवणाऱ्या बाईला आवाजाचा तिटकारा असावा, हे एक आश्चर्यच होतं. लोखंडी हातोडी तिनं कधी वापरली नाही. लाकडी मोगरी, आणि तिलाही जुन्या चादरीचं फडकं गुंडाळलेलं. दफनभूमीत दगड बसवायला गेली की हमालांना ओठांवर बोट ठेवून दाखवायची. एकदा एका घरची माणसं कबरीपाशीच वाटणीवरून हमरीतुमरीवर आली, तर ही मधे जाऊन म्हणाली, "हळू भांडा. उठतील." ते लोक आधी हसले, मग एकमेकांकडे न बघता घरी गेले.

आमचं घर कारखान्याच्या मागे. कारखाना म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली, त्यात दोन ओटे, पाण्याचा पिंप आणि सगळ्या वस्तूंवर बसलेली राखाडी धूळ. त्याच्या मागे स्वयंपाकघर, आई-बाबांची खोली, माझी खोली. वरच्या माळ्यावर आत्या. रस्त्याच्या टोकाला दफनभूमीची भिंत. मी शाळा सोडल्यापासून आत्याकडे खाके काढायचं काम करत होते. खाका म्हणजे कागदावर अक्षरं मापात काढायची, त्यांच्या रेघेवर टाचणीनं भोकं पाडायची, कागद दगडावर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटत न्यायची. कागद उचलला की दगडावर ठिपक्यांची अक्षरं उमटतात. मग आत्या त्या ठिपक्यांवरून छिन्नी चालवायची. कोरताना ती शब्द कधीच वाचत नसे. वाचलं की हात पुढच्या अक्षराकडे धावतो, असं तिचं म्हणणं. तिला फक्त रेघा दिसायच्या. या एका सवयीनं पुढे आमचं घर बुडवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

आधी ती लोक सांगतील ते कोरायची. अनंतात विलीन झाले, देवाघरी गेले, काळानं हिरावून नेले. मग एक दिवस मास्तर आले. हे मास्तर चर्चचे पाळक होऊ घातलेल्या मुलांना जुनी ग्रीक भाषा शिकवत. त्यांची बायको गेली होती आणि त्यांना दगडावर नावाखाली एकच शब्द हवा होता. आत्याला वाटलं, म्हातारा चिक्कू आहे. पण मास्तर स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि वर्गात शिकवावं तसं सांगायला लागले. मी तेव्हा कोपऱ्यात टाचणीनं भोकं पाडत होते, म्हणून मला सगळं आठवतं.

ते म्हणाले, शास्त्र ज्या ग्रीक भाषेत लिहिलं गेलं, तिच्यात एक क्रियापद आहे, कोइमाओ. डोळा लागणं, झोपी जाणं. पहाऱ्यावरचे शिपाई पेंगले, तिथे हाच शब्द. दोन शिपायांच्या मधे बेड्यांत जखडलेला कैदी निवांत झोपला होता, तिथेही हाच. आणि एका माणसाला लोकांनी दगड मारमारून ठार केलं, त्याची हकिकत लिहिणाऱ्यानं शेवटी काय लिहिलं, तर तो झोपला. मेला नाही लिहिलं. दफनभूमीला त्या लोकांनी जो शब्द वापरला, त्याचा अर्थ निजायची खोली. मास्तर पुढे म्हणाले, या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ तर झोपणं हा नाहीच, झोपवणं हा आहे. अंथरुणावर घालणं, थोपटणं. "आपल्या आपण कोणी झोपत नाही, बाई. कोणीतरी झोपवतं. आणि झोपलेल्याला उठवताही येतं, म्हणून तर तो शब्द."

आत्यानं एवढंच विचारलं, "आणि कोणी झोपवलंच नाही तर?"

मास्तर हसले. म्हणाले, ते व्याकरणात नाही.

तेव्हापासून आत्यानं दुसरा शब्द कोरला नाही. बाईसाठी निजली, पुरुषासाठी निजला. मोठ्या घरचे लोक येऊन भांडायचे, आमचे वडील इतके मानाचे, त्यांना निजला काय म्हणता, निजले म्हणा. आत्या म्हणायची, झोपेत कोणाला अहो-जाहो नसतं. पटलं तर बघा, नाहीतर पलीकडच्या रस्त्याला दुसरा कारागीर आहे, तो हवं ते कोरतो आणि ते दहा वर्षांत पुसलंही जातं. लोक मुकाट्यानं तयार व्हायचे. एक नियम मात्र तिनं कधी मोडला नाही. आधी नाव, मग तारखा आणि तो शब्द सगळ्यात शेवटी.

आणि एक गोष्ट गिऱ्हाईकं सांगायची, ती मला तेव्हा गंमत वाटायची. माती बसायला चार महिने लागतात, तोवर दगड उभा करता येत नाही. त्या चार महिन्यांत घरात चाहूल लागते, असं सगळेच सांगत. कोणाला खोकला ऐकू यायचा, कोणाला जिन्यावर पाऊल. दगड बसला की थांबलं, असंही सगळे सांगायचे. मी म्हणायचे, चार महिन्यांत दुःख कमी होतं, दगडाचा काय संबंध. आत्या छिन्नीला धार लावत राहायची.

बाबा गेले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, शाळेत शिपाई होते. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, बंद करायचे. कमरेला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा, निवृत्तीनंतरही शाळेनं त्यांच्याकडेच ठेवलेला, त्यामुळे ते कुठे आहेत हे घरात सगळ्यांना न बघता कळायचं. त्यांची एकच अडचण होती, झोप. अंथरुणावर पडले की कुलूप राहिलं, खिडकी राहिली, असं करत उठायचे. मग आई त्यांच्या उशाशी बसून तळवा त्यांच्या कपाळावर ठेवायची. दोन मिनिटांत माणूस घोरायला लागायचा. आई म्हणायची, मला मूल एकच झालं असं लोकांना वाटतं, पण मी दोन वाढवली.

ते गेले ते दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. आई तेव्हा बाजारात होती. तिच्या मनाला तेच लागून राहिलं. मुख्याध्यापक आठ दिवसांनी येऊन किल्ल्यांचा जुडगा परत घेऊन गेले. आणि तरी पुढचे चार महिने मला स्वयंपाकघराच्या दारात किल्ल्या वाजलेल्या ऐकू यायच्या. मी स्वतःला तेच सांगितलं, जे गिऱ्हाईकांना सांगायचे.

आईचं आणि आत्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. चाळीस वर्षं एका चुलीवर काढली आणि मिठाच्या बरणीची जागासुद्धा ठरली नाही. पण बाबांच्या दगडाबाबत दोघींचं लगेच एकमत झालं. एकच दगड, डावीकडे बाबांचं नाव, उजवीकडे आईचं. आईच्या नावाखाली जन्माचं साल आणि मग तीन अक्षरांची जागा कोरी. नवरा-बायकोच्या दगडात आम्ही असंच करत असू. मात्र खाका काढताना दोन्ही शब्द काढायचे, कारण वर्षांनी दुसरा शब्द कोरताना तो पहिल्याच्या जोडीचा दिसला पाहिजे. जो शब्द आत्ता कोरायचा नाही, त्यावर कागदाच्या मागून चिकटपट्टी लावायची, म्हणजे पूड भोकांतून खाली उतरत नाही. खाका मी काढला. पट्टी मी लावली.

दगड बसला आणि किल्ल्या थांबल्या. त्याच आठवड्यात आई लसूण सोलता सोलता झोपली. मला बरंच वाटलं, बिचारी चार महिने नीट झोपली नव्हती. मग इस्त्री करताना झोपली आणि उशीचा अभ्रा जळला. मग सकाळी नऊला उठायला लागली, मग अकराला. मी हाक मारली की डोळे उघडायची, ओळखीचं हसायची आणि पुन्हा मिटायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक होतं. ते म्हणाले, काही माणसं दुःखानं झोपतात. मास्तरांना रस्त्यात सांगितलं तर तेही तेच म्हणाले, शास्त्रातसुद्धा काही मित्र दुःखानं झोपी गेल्याचं लिहिलंय, तिथे तोच शब्द आहे. मला त्या शब्दाचा तेव्हा पहिल्यांदा राग आला.

तिसऱ्या आठवड्यात आईला चमच्यानं पेज भरवायची वेळ आली. दोन घास गिळायची आणि तिसरा तोंडात तसाच राहायचा. श्वास इतका लांब झाला की एक सोडून दुसरा येईपर्यंत मी स्वतःचा रोखून धरायचे. आई आमच्या हातून चालली होती आणि तिला काही झालेलं नव्हतं.

आत्या त्या दिवसांत खाली फिरकत नसे. आईच्या खोलीच्या दारापर्यंत यायची आणि वळायची. मला वाटायचं, चाळीस वर्षांचं वैर, आता तोंड कसं दाखवणार.

एका सकाळी मी बादली घेऊन बाबांचा दगड धुवायला गेले. पक्ष्यांनी घाण केली होती. पाणी ओतलं, पुसलं आणि थोडा वेळ तिथेच बसले. दगड सुकायला लागला. काळा होता तो हळूहळू राखाडी झाला, वरून खाली. आईच्या नावाखाली मात्र ओल राहिली. ओलीच्या बारीक, काळ्या रेघा. मी बघत राहिले आणि त्या रेघांची अक्षरं झाली. निजली. दगडाची पूड आणि डिंक कालवून कोणीतरी भरलेली, घासून सपाट केलेली तीन अक्षरं. कोरडा दगड ती लपवत होता, ओला झाला की दाखवत होता. पाच मिनिटांनी ती दिसेनाशी झाली. मी हात फिरवला तर काहीच लागलं नाही.

मी घरी आले ती थेट माळ्यावर. तोंडाला येईल ते बोलले. एवढा राग होता का तिचा, चाळीस वर्षं थांबलीस का यासाठी, असंही बोलले. आत्या पलंगावर बसून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं सांगितलं. त्या दिवशी ती भावाचं नाव कोरत होती, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं, ठिपके दिसतील तशी छिन्नी चालवत गेली. शेवटची रेघ झाली, फुंकर मारली, तेव्हा कळलं की दोन शब्द कोरले गेलेत. तिनं आयुष्यात कोणाच्या दगडाला भराव केला नव्हता. तो त्या दिवशी केला आणि कोणाला सांगितलं नाही.

"पण ठिपके कसे उमटले?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं. दमट हवेनं पट्टी सुटली होती. ती मी लावली होती, आणि बोटानं दाबून बघायची राहिली होती. आत्यानं ते मला इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. मी तिच्या पायांशी बसले आणि खूप रडले.

मग तिनं विचारलं, आईला किती झोप आहे. मी सांगितलं. तिनं चप्पल घातली.

दगडावरचा शब्द खोडता येत नाही. तेवढ्याच जागी घासलं तर खळी पडते आणि तिच्यात अक्षरांचे तळ तसेच राहतात. अक्षर सूतभर खोल असेल तर सगळा दगडच सूतभर उतरवावा लागतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे आईचा शब्द घालवायचा तर बाबांचाही जाणार. मी म्हटलं, जाऊ दे, पुन्हा कोरू. आत्यानं बोटांवर दिवस मोजले. "सहा दिवस लागतील," ती म्हणाली. "सहा दिवस माझा भाऊ जागा राहील, तो काय करेल?"

दुपारी दगड टेंपोनं परत आणला. आत्यानं आयुष्यभर टाळलेला ग्राइंडर शेजारून मागून आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत दगड पाटीसारखा कोरा झाला. मशीन बंद झाल्यावर कान बधिर झाले होते, आणि त्या बधिर शांततेत मला आतून कपबशांचा आवाज आला.

आई स्वयंपाकघरात उभी होती. केस विंचरलेले. तीन आठवड्यांनी आपल्या पायांवर उभी. मी तिला मिठी मारली, ती म्हणाली, बाजूला हो, चहा उतू जाईल. तिनं दोन कप भरले. मला वाटलं, एक माझा. तिनं तो खुर्चीसमोर ठेवला.

"तुझे बाबा आलेत," ती म्हणाली. "बसू नको त्यांच्यावर."

मला कोणी दिसलं नाही. पुढच्या सहा दिवसांत एकदाही दिसलं नाही. पण किल्ल्या वाजत होत्या, भर उन्हात, स्वच्छ. या खोलीतून त्या खोलीत, दारापर्यंत, परत. शाळेनं नेलेल्या किल्ल्या. न्हाणीघरातला बाबांचा टॉवेल वरच्या खुंटीवर ओला सापडला. त्या खुंटीला आईचा हात पोचत नाही आणि मी तो लावलेला नव्हता. दाढीचा आरसा रोज सकाळी त्यांच्या उंचीला वळलेला असायचा. मी तो सरळ करायचे आणि त्याच्यात न बघता बाहेर यायचे. आत्या बाहेर पॉलिश पेपरनं दगड घासत असायची आणि किल्ल्या कारखान्याच्या दारापाशी आल्या की तिचा हात थांबायचा. ती मान वर करत नसे.

मी म्हटलं, आधी त्यांचा शब्द कोर, नाव मग. ती म्हणाली, नाव नसलेल्या माणसाला कोण झोपवणार? आधी हाक मारायची, मग झोपवायचं. आणि पॉलिश व्हायच्या आत काही कोरलं तर पुन्हा घासावं लागेल, ते कळत नाही का तुला. कळत होतं.

पहिले दोन दिवस आई नव्या नवरीसारखी होती. मला हे सांगायला संकोच वाटतो, पण तसंच होतं. गुणगुणत होती, दोघांचं पान वाढत होती. बाबा गेले तेव्हा ती जवळ नव्हती, ते जणू तिला परत मिळालं होतं. ती झोपत मात्र नव्हती. एक मिनिटसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी गुणगुणणं थांबलं. चौथ्या दिवशी मी तिला खोलीच्या दारात उभी पाहिली. ती पलंगाकडे बघत होती. म्हणाली, बसतात, टेकतात, पुन्हा उठतात. कुलूप राहिलं म्हणतात. किल्ल्या शोधतात, कमरेला असून शोधतात. मला ओळखतात की नाही कोण जाणे.

सहाव्या दिवशी नावं आणि तारखा झाल्या. मी नवा खाका काढला. त्यात एकच शब्द होता. आत्यानं छिन्नी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. तिनं मला सांगितलं, वहिनींना विचार. त्यांना तो हवा असेल तर मी कोरणार नाही. त्यांच्या घरातलं माणूस आहे.

विचारायला जावं लागलं नाही. आई दारातच उभी होती, हातात भाजी चिरायचं बुटकं स्टूल. सहा दिवस न झोपलेल्या बाईचे डोळे मी तेव्हा नीट पाहिले. ती स्टूल ओट्याजवळ ठेवून बसली.

"वन्सं, कोरा," ती म्हणाली. "फार दमलेत ते."

"वहिनी, मग ते..."

"माहीत आहे मला. कोरा तुम्ही."

आणि तिनं आपला उजवा तळवा दगडावर ठेवला, बाबांच्या नावाच्या जरा वर, जिथे कपाळ आलं असतं तिथे.

आत्यानं सुरुवात केली. मी उडालेली दगडाची पूड फुंकून बाजूला सारत होते. किल्ल्या आतल्या खोलीत होत्या. नि झाला तेव्हा त्या स्वयंपाकघरात आल्या. ज चालू असताना कारखान्याच्या उंबऱ्यावर. मग ओट्याजवळ, माझ्या अगदी मागे. आई दगडाकडेच बघत होती आणि अंगठा हलके हलके फिरवत होती, जसा कपाळावर फिरवायची. आत्याची मोगरी पडत होती, फडक्यातून, मऊ. ला ची शेवटची रेघ खाली आली आणि किल्ल्या एकदा वाजल्या, कोणी कमरेचा जुडगा सोडून फळीवर ठेवावा तशा. पुन्हा वाजल्या नाहीत.

आईनं आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग हळूच उचलला. तळव्याला पांढरी धूळ लागली होती.

"लागला डोळा," ती म्हणाली.

त्या दुपारी आई झोपली तेव्हा आत्या आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना बसून तिचे श्वास मोजत होतो. पाचला ती आपली आपण उठली, चहा पाणचट झालाय म्हणाली आणि मिठाच्या बरणीवरून आत्याशी भांडली. आत्या माळ्यावर जाऊन ढसाढसा रडली. तिला एवढं सुखानं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. आत्या यंदा गेली. आपला दगड तिनं स्वतःच कोरून ठेवला होता, नाव आणि जन्माचं साल, खाली जागा कोरी. मला बजावून ठेवलं होतं, माझी नाडी नीट बघ, घाई करू नकोस आणि पट्ट्या दाबून लाव. माती बसली, चार महिने झाले, सहा झाले. ती गेल्याचं साल मी कोरलं होतं, शब्दाचा खाकाही काढून ठेवला होता, पण त्यासाठी छिन्नी हातात घेत नव्हते. गिऱ्हाईकं विचारत, सकाळी दहाला आत मोगरी कोण चालवतं. मी सांगायचे, नवा कारागीर ठेवलाय. खरं म्हणजे मला तो आवाज हवा होता. शेजारच्या ओट्यावर तो फडक्यातला मऊ ठोका पडत असला की माझीही रेघ सरळ येते. अलीकडे तो आवाज दमल्यासारखा झाला होता. मधेच थांबायचा, चुकायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

काल आई स्टूल घेऊन आली. अठ्ठ्याहत्तरीची आहे, स्टूल आता तिलाच जड होतं. आत्याच्या दगडापाशी बसली, नावाच्या वर तळवा ठेवला आणि मला म्हणाली, "घे छिन्नी. पन्नास वर्षं भांडले मी तिच्याशी, पण असं जागं कधी ठेवलं नाही तिला."

मी कोरलं. तिसऱ्या अक्षराला दुसऱ्या ओट्यावरचा आवाज थांबला. आईनं हात उचलला, पदराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी काय विचार करते आहे हे तिला कळलं असावं. आता घरात आम्ही दोघीच आहोत. तिचा शब्द कोरताना छिन्नीला माझा एक हात लागणार, मोगरीला दुसरा. तिच्या कपाळावर ठेवायला तिसरा हात माझ्याकडे नाही. मी ते तिला बोलून दाखवलं.

आई स्टूल उचलत होती. थांबली.

"मग माझा शब्द राहू दे कोरा," ती म्हणाली. "मी बसते जागी, तुझ्याजवळ."